ईआरपी आणि ऑनलाइन दुकान यांची जोडणी

कच्चा माल, उत्पादन, गोदामातला साठा, बिले आणि हिशेब सांभाळणारी कारखान्याची प्रणाली म्हणजे ईआरपी. ती आणि कारखान्याचे स्वतःचे ऑनलाइन दुकान यांच्यात माहितीची ये-जा आपोआप व्हावी, यासाठी केलेली व्यवस्था म्हणजे ही जोडणी. मुंबईतल्या लहान कारखान्यांत बहुधा टॅली असते. काही ठिकाणी एसएपी बिझनेस वन, काही ठिकाणी मुंबईतच तयार झालेली मुक्तस्रोत ईआरपीनेक्स्ट. दुकान शॉपिफाय किंवा वूकॉमर्स या ऑनलाइन दुकान उभारण्याच्या प्रणालींवर असते. जोडणी नसेल तर ऑफिसातला माणूस रोज सकाळी ऑर्डरी एका स्क्रीनवर वाचून दुसऱ्या स्क्रीनवर टाइप करतो. दिवसाला दहा-पंधरा ऑर्डरी असतील तर हे निभते, आणि तोवर जोडणीवर पैसे घालू नयेत.

पहिले काम कागदावरचे असते: कोणती माहिती कोणत्या बाजूच्या मालकीची, हे ठरवणे. साठा, किंमत, एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाची वर्गवारी सांगणारा क्रमांक) आणि कराचा दर ईआरपीचे. फोटो आणि वर्णन दुकानाचे. ऑर्डर दुकानात जन्मते, बिल ईआरपीत. एकाच गोष्टीला दोन मालक असले की सवलतीसाठी दुकानात हाताने बदललेली किंमत रात्रीच्या अपडेटमध्ये पुसली जाते आणि सकाळी कोणी बदलली ते कळत नाही.

मग वस्तूंची यादी. धारावीतल्या चामड्याच्या बॅगा घेतल्या तर ४ नमुने, ३ रंग आणि २ मापे मिळून २४ कोड लागतात. कारागीर जिला ‘टॅन मोठी’ म्हणतो ती दुकानात ‘ब्राउन लॅपटॉप बॅग’ असते, म्हणून नावावरून जुळवणी कधीही करू नये. दोन्हीकडे कोड एकच हवा. ही यादी एक्सेलमधून फिरवताना ००४५ चा ४५ होतो आणि ती वस्तू जोडणीला सापडत नाही. कोडाची सुरुवात अक्षराने केली की हा त्रास मिटतो. एककही तपासावे. पाकिटे कारखान्यात डझनाने मोजतात, दुकानात नगाने विकतात. २० डझनांचे २४० नग व्हायला हवेत. रूपांतर राहून गेले तर एक पाकीट विकले तरी ईआरपीतून अख्खा डझन वजा होतो.

सर्वांत जास्त घोटाळे साठ्यात होतात. गोदामात दिसतो तो आकडा दुकानाला पाठवायचा नसतो, विकण्याजोगा आकडा पाठवायचा असतो. भिवंडीच्या गोदामात २४० पाकिटे तयार आहेत. मस्जिद बंदरच्या ठोक व्यापाऱ्यासाठी १४४ राखलेली, ऑनलाइन विकलेली ६ पाठवायची बाकी, आणि मोजणीतल्या चुकीसाठी १० हातचे. दुकानात ८० दिसायला हवीत. चेन लावायला गेलेला माल यात धरू नये. ठोक ऑर्डर फोनवर येते आणि संध्याकाळी नोंदवली जाते. त्या मधल्या तासांत तोच माल ऑनलाइन विकला जातो. कितीही महाग सॉफ्टवेअर घेतले तरी हे थांबत नाही, फोन ठेवताच नोंद केली तरच थांबते. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी नव्या ऑर्डरी ईआरपीत ओढाव्यात, मगच साठा वर पाठवावा. उलट केले तर ईआरपीला अजून माहीत नसलेली विक्री दुकानातल्या साठ्यातून पुसली जाते आणि विकलेला नग पुन्हा शिल्लक दिसतो.

दुकानातली किंमत करासह असते, ईआरपीतली बहुधा कराविना. १८ टक्के दराच्या ४९९ रुपयांच्या वस्तूचे करपात्र मूल्य ४२२.८८ रुपये. ते ४२३ लिहिले तर बिल ४९९.१४ होते आणि प्रत्येक ऑर्डरीत १४ पैसे लोंबकळत राहतात. घरगुती ग्राहकाच्या बिलात कर माल पोहोचवण्याच्या राज्यावरून ठरवावा. ठाण्यातल्या भावाने अहमदाबादच्या बहिणीला पाठवलेल्या बॅगेवर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर) लागतो, राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी नव्हे. दर ईआरपीतच ठेवण्याचा फायदा २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा दिसला: एकाच जागी बदल पुरला. बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत हवा, म्हणून दुकानाचा लांबलचक ऑर्डर क्रमांक तिथे न घालता संदर्भाच्या रकान्यात ठेवावा.

वेळेचा सापळा वर्षातून एकदा फार छळतो. दुकानाचा सर्व्हर पुष्कळदा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ पाठवतो, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. १ एप्रिलला पहाटे ३ वाजता आलेली ऑर्डर ३१ मार्च रात्री साडेनऊची दिसते आणि सरळ मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसते.

टॅलीशी संवाद सहसा एक्सएमएल या मजकुराच्या साच्यातून, ९००० क्रमांकाच्या पोर्टवर (संगणकाच्या नेटवर्कवरच्या दारावर) होतो. त्यासाठी तो संगणक आणि टॅली दोन्ही चालू लागतात. शनिवारी रात्री ऑफिस बंद करताना कोणी मेन स्विच पाडला की रविवारच्या ऑर्डरींना वाट उरत नाही. नवी ऑर्डर आल्याची वूकॉमर्सची सूचना (वेबहुक) लागोपाठ पाचेक वेळा पोहोचली नाही की ती आपोआप बंद होते आणि सोमवारी संगणक सुरू करूनही काही येत नाही. म्हणून ऑर्डरी आधी सदैव चालू असलेल्या सर्व्हरवरच्या रांगेत घ्याव्यात आणि टॅली जागी झाली की तिथून उचलाव्यात. एकच सूचना दोनदाही येऊ शकते. नवे बिल करण्याआधी तो ऑर्डर क्रमांक आहे का हे तपासले नाही तर एका बॅगेची दोन बिले होतात.

परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) करावी, पण नग थेट विकण्याजोग्या साठ्यात टाकू नये. तो ‘तपासणी’ नावाच्या वेगळ्या गोदामात घ्यावा, नाहीतर ओरखडा पडलेली बॅग पुढच्या ग्राहकाला जाते.

सुरुवात फक्त साठा आपोआप वर पाठवण्यापासून करावी (तोवर ऑर्डरी हाताने, पण साठा पाठवण्याआधी टाकाव्यात), आठवडाभराने ऑर्डरी आपोआप खाली आणाव्यात, आणि पुढचे दोन आठवडे हाताची नोंदवहीही चालू ठेवावी. दिवाळीच्या तोंडावर हे काम काढू नये. जोडणी सुरू झाल्यावर रोज संध्याकाळी तीन ताळे जुळवावेत: दुकानातल्या ऑर्डरी आणि ईआरपीतली बिले, पाच कोडांचा दोन्हीकडचा साठा, आणि पेमेंट गेटवेकडून (ग्राहकाचे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून) बँकेत आलेली रक्कम. गेटवे आपले शुल्क आणि त्यावरचा जीएसटी कापून पैसे देतो, त्यामुळे जमा रक्कम बिलांपेक्षा कमीच असते. हा फरक शुल्काच्या खात्यात टाकावा, विक्रीतून वजा करू नये.