लार्जमाउथ की स्मॉलमाउथ? कयाकमधून दिसणारा फरक

बास म्हटलं की रायगडकडच्या माणसाला जिताडा आठवतो, कारण जिताड्याचं इंग्रजी नाव एशियन सी बास. पण अमेरिकेच्या गोड्या पाण्यातल्या ज्या दोन बासबद्दल मी लिहितोय, त्यांचं जिताड्याशी नातं नावापुरतंच. हे दोघे सनफिश कुळातले, मायक्रोप्टेरस प्रजातीचे. या लॅटिन नावाचा अर्थ ‘छोटा पर’. 1802 साली लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाला मिळालेल्या नमुन्याच्या पाठीवरचा पर फाटलेला होता. तुटलेला तुकडा म्हणजे वेगळा छोटा पर, असं त्याला वाटलं आणि नाव कायमचं चिकटलं.

लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ ही नावंही अशीच अर्धवट मदत करतात. स्मॉलमाउथचं तोंड काही लहान नसतं. तुमचा अंगठा आरामात आत जातो आणि खरखरीत दातांनी सोलूनही निघतो.

मी डेट्रॉईटच्या उत्तरेला राहतो आणि उन्हाळ्यात सेंट क्लेअर तलावावर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घेऊन जातो. काही भाग मिशिगनचा, मोठा भाग कॅनडाचा, सुमारे 1,100 चौरस किलोमीटरचा तलाव. सरासरी खोली मात्र साडेतीन मीटरच्या आत. दोन्ही बास इथे भरपूर आणि किनाऱ्यालगत.

मासा हातात आला की आधी त्याचं तोंड मिटा. उघड्या तोंडावरून अंदाज हमखास चुकतो. वरच्या जबड्याचं मागचं टोक डोळ्याच्याही मागे गेलेलं दिसलं तर लार्जमाउथ. डोळ्याच्या खालीच, साधारण मध्यापर्यंत थांबलं तर स्मॉलमाउथ. तरी शंका असेल तर पाठीवरचा पर उभा करून बघा. लार्जमाउथच्या काटेरी आणि मऊ भागांमध्ये इतकी खोल खाच असते की दोन वेगळे पर वाटावेत. स्मॉलमाउथची खाच उथळ.

रंगावर फार जाऊ नका. लार्जमाउथ हिरवट, अंगावर आडवा काळा पट्टा; स्मॉलमाउथ काशाच्या भांड्यासारखा तपकिरी, उभे पट्टे, डोळे बऱ्याचदा लाल. पुस्तकात हे छान दिसतं. पण गढूळ पाण्यातल्या लार्जमाउथचा पट्टा पार फिका पडतो, आणि स्मॉलमाउथचे पट्टे तर हातात धरल्या धरल्या बदलताना मी पाहिलेत. जबडा रंग बदलत नाही.

आता जागा. कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं असतं: लार्जमाउथ गवतात, स्मॉलमाउथ खडकात. पहिला अर्धा भाग इथे बरोबर आहे. कालवे, बोटींचे धक्के, उत्तरेच्या त्रिभुज प्रदेशातली पाणकणसं आणि लव्हाळी, कमळाच्या पानांखालची सावली, म्हणजे कोमट आणि उथळ पाणी, ही लार्जमाउथची घरं. दुसरा अर्धा भाग मात्र या तलावात लटका पडतो, कारण खडक फारसा नाहीच. 1988 मध्ये झेब्रा शिंपले इथे सापडले. त्यांनी पाणी गाळून इतकं स्वच्छ केलं की ऊन तळापर्यंत पोचलं आणि गवत माजलं. त्यामुळे इथला स्मॉलमाउथही गवताजवळच असतो, पण आत घुसून बसत नाही. गवत संपून वाळू सुरू होते त्या काठावर फिरतो. कयाकमधून ती सीमा नुसत्या डोळ्यांनी दिसते, पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड गॉगल मात्र हवा.

त्या काठावर तो काय खातो? क्रेफिश, म्हणजे गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी, आणि राउंड गोबी नावाचा छोटा मासा. गोबी हा काळ्या समुद्राकडून जहाजांच्या पोटात तोल सांभाळायला भरलेल्या पाण्यातून आलेला पाहुणा, आपल्या खाडीतल्या निवटीचा लांबचा भाऊबंद. त्याला हवेची पिशवी नसते, म्हणून तो तळाला चिकटून राहतो. स्मॉलमाउथसाठी ट्यूबसारखं (मऊ रबरी नळीचं) आमिष तळावरूनच ओढायचं ते यासाठी. लार्जमाउथसाठी उलट: पानांवरून रबरी बेडूक सरकवत न्यायचा आणि वाट बघायची.

कयाकमध्ये खरा फरक कळतो तो मासा गळाला लागल्यावर. लार्जमाउथ एकच गोष्ट करतो, गवतात डोकं खुपसतो. दोर ताणला की मासा येत नाही, कयाकच त्याच्याकडे ओढली जाते. मग हात घालून गवताच्या गड्ड्यासकट उचलायचा. पाच किलोचा गड्डा, एक किलोचा मासा. स्मॉलमाउथ मोकळ्या पाण्यात धावतो, हवेत उडी मारतो, आणि तुम्ही पाण्याच्या जवळ बसलेले असल्यामुळे ती उडी डोळ्यांसमोर होते. मग कयाकखालून पलीकडे जातो. अशा वेळी रॉडचं टोक कयाकच्या नाकाला वळसा घालून पलीकडे न्यायचं. मी पहिल्या वर्षी तसाच बसून राहिलो आणि एक रॉड मोडून घेतला.

वजनात लार्जमाउथ खूप पुढे. 1932 साली जॉर्जियात 22 पौंड 4 औंसांचा मिळाला होता, त्याची बरोबरी 2009 मध्ये जपानच्या बिवा तलावात झाली. स्मॉलमाउथचा विक्रम 1955 चा, 11 पौंड 15 औंस. पण सारख्याच वजनाचे दोन लावले तर हात स्मॉलमाउथनेच जास्त दुखतात, हे माझं मत.

कुठल्याच्या मागे जायचं हे शेवटी वारा ठरवतो. मिशिगनच्या किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा फसवा: काठाशी पाणी आरशासारखं, आणि अर्धा किलोमीटर आत गेलात की आखूड, उभ्या लाटा, कारण तलाव उथळ. परत येताना सगळं वल्हवणं वाऱ्याविरुद्ध. नांगर टाकायचाच तर नाकावरून किंवा मागून. बाजूने टाकला तर लाट कयाक उलटवते. लाइफ जॅकेट सीटमागे नव्हे, अंगावर. पश्चिमेचा वारा जोरात असलेल्या दिवशी मी स्मॉलमाउथचं नाव काढत नाही. कालव्यात शिरतो आणि बेडूक बांधतो.