मुंबई हायचं तेल ‘मुद्दाम’ काढत नाहीत?

‘मुंबई हायमध्ये देशाला पुरेल एवढं तेल आहे, मुद्दाम काढत नाहीत’ हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात 1974 मध्ये सापडलेल्या या तेलक्षेत्राचं उत्पादन 1989 च्या सुमारास शिखरावर होतं, तेव्हा ते वर्षाला साधारण 2 कोटी टन होतं. 2023-24 मध्ये देशाला लागलं सुमारे 23 कोटी टन!

तेल चुनखडीच्या बारीक छिद्रांत अडकलेलं असतं. दाब टिकवायला खडकात समुद्राचं पाणी सोडतात. विहीर हावरटपणे उपसली, तर पाणी सोप्या भेगांतून थेट विहिरीत घुसतं आणि बाजूचं तेल खडकातच राहतं. म्हणून झडप जपूनच उघडावी लागते. जुन्या विहिरींतून तर तेलापेक्षा पाणीच जास्त येतं.