टाको, घायपात आणि एका नावाचं भांडण: मेक्सिको सिटीतल्या संध्याकाळच्या खाद्यफेरीची पार्श्वभूमी

मेक्सिको सिटीत संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास रोमा, कोंदेसा, हुआरेस किंवा जुन्या शहरातल्या एखाद्या चौकात आठ-दहा पाहुणे एका वाटाड्याभोवती जमतात. तीन-चार तास पायी फिरत पाच-सहा ठेल्यांवर उभ्यानं खातात आणि शेवटी एखाद्या अंधाऱ्या, छोट्या जागेत बसून मेस्कालचे, म्हणजे घायपाताच्या दारूचे, घोट घेतात. वाटेत ‘हजारो वर्षांची परंपरा’ हे शब्द दोन-तीनदा तरी कानावर पडतात. मक्यापुरते ते खरे आहेत. हातातल्या बशीतलं बाकीचं बरंचसं मात्र 1930 नंतरचं आहे, आणि शेवटच्या पेल्याला कोणत्या नावानं हाक मारायची हा नियम तर जेमतेम तीस वर्षांचा.

फेरी संध्याकाळीच का, याचं कारण त्या शहराच्या दिनक्रमात आहे. सकाळ तामाल, म्हणजे पानात वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या गोळ्यांची, आणि आतोले या मक्याच्या पेजेची. जमिनीतल्या खड्ड्यात रात्रभर शिजलेलं बार्बाकोआ हे मांस शनिवार-रविवारी सकाळी विकायला येतं आणि दुपारपर्यंत संपतं. पोटभर जेवण दोन ते चारच्या दरम्यान होतं, त्यामुळे रात्री कुणाला ताट नको असतं, काहीतरी चटकदार हवं असतं. अशा खाण्याला तिकडे ‘आंतोखितो’ म्हणतात. ‘आंतोखो’ म्हणजे एखाद्या गोष्टीची ओढ. गरोदर बाईच्या डोहाळ्यांनाही हाच शब्द. तेव्हा आंतोखितो म्हणजे छोटे डोहाळे. आल पास्तोर या टाकोच्या मांसाचा उभा गज दुपार कलल्यावर पेटतो आणि बाहेरचा थर नीट खरपूस व्हायला वेळ घेतो. स्वादेरो हे गोमांस, लोंगानिसा हे सॉसेज, आतडी हे सगळं मोठ्या परातीसारख्या तव्यावर चरबीत मंद शिजत पडलेलं असतं, त्याचीही खरी वेळ रात्रीचीच.

मक्याचा जुना इतिहास थोडक्यात उरकतो, कारण त्याबद्दल वाद नाही. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर मुरवायचा, धुऊन टरफल काढायचं आणि दगडावर वाटायचा, ही निक्स्तामालची रीत तीन हजार वर्षांहून जुनी. तो दगड म्हणजे आपला पाटाच, फक्त पाय असलेला. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. मका युरोपात गेला तो चुन्याशिवाय, आणि निव्वळ मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरीब शेतकऱ्यांत त्याच्या अभावानं होणाऱ्या पेलाग्रा रोगाची साथ पसरली. 1520 मध्ये एका स्पॅनिश सेनानीनं आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रात, आज शहराचाच भाग असलेल्या त्लातेलोल्कोच्या बाजारात रोज साठ हजारांहून जास्त माणसं खरेदी-विक्रीला जमतात असं म्हटलं आहे, आणि त्या बाजारात शिजवलेलं अन्नही विकलं जाई. रस्त्यावरचं खाणं तिथे नवं नाही, एवढं यातून नक्की कळतं.

‘टाको’ हा शब्द मात्र त्या काळातला नाही. सर्वांत पटणारं मत असं की 18व्या शतकात पाचुकाजवळच्या चांदीच्या खाणींत खडक फोडायला कागदात गुंडाळलेली बारुदाची जी पुडी वापरत, तिला ‘टाको’ म्हणत, आणि खाणकामगारांच्या तोर्तियाला, म्हणजे गुंडाळलेल्या मक्याच्या पातळ भाकरीला, तेच नाव चिकटलं. 19व्या शतकाच्या शेवटी ती माणसं राजधानीत आली, खाणंही आलं. तेव्हाच्या वरच्या वर्गाला त्याची लाज वाटे. 1899 मध्ये एका नामांकित राजकारण्यानं पुस्तक लिहून माणसांचे गहू खाणारे, तांदूळ खाणारे आणि मका खाणारे असे तीन वंश पाडले आणि देशाच्या मागासलेपणाचं खापर मक्यावर फोडलं. आज त्याच शहरातल्या हॉटेलांत देशी मक्याच्या निळ्या तोर्तियाचे जादा पैसे लावतात.

फेरीतला हुकमी पदार्थ आल पास्तोर. ऑटोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात लेबनॉन-सीरियाकडची माणसं मेक्सिकोत आली, त्यातली काही प्वेब्ला शहरात स्थिरावली. तिथे 1930 च्या दशकात उभ्या गजावर भाजलेलं मांस जाडसर रोटीत देऊ लागले. तो ‘अरबी टाको’. पुढे राजधानीत येताना रोटीची तोर्तिया झाली, मांस डुकराचं ठरलं, वर ग्वाहियो मिरची आणि शेंदरीच्या बियांचा लाल मसाला आला. ‘पास्तोर’ म्हणजे मेंढपाळ, पण गजावर मेंढी नाही. नाव तेवढं जुन्या मांसाची आठवण ठेवून आहे. गजाला म्हणतात ‘त्रोंपो’, म्हणजे भोवरा. आत्ताच्या रूपातला पहिला आल पास्तोर आमचाच, असं सांगणारी दोन दुकानं शहरात आहेत, एक 1959 चं आणि दुसरं 1966 चं. वाटाड्या ज्या दुकानात नेतो त्याचा दावा खरा ठरतो. थोडक्यात, हा पदार्थ आपल्या वडापावाच्या पिढीचा.

आता शेवटच्या पेल्याकडे.

अगावे म्हणजे आपलं घायपात. दोरासाठी आणि कुंपणाला लावलेलं, बांधावर आणि रेल्वेच्या कडेला माजलेलं जे घायपात आपण पाहतो ते मूळचं मेक्सिकोचंच. तिकडे त्याच्या जातींपासून दोन वेगळ्या तऱ्हेची पेयं होतात. एक पुल्के. पक्व झाडाचा गाभा कोरून त्यात साठणारा गोड रस सकाळ-संध्याकाळ लांब भोपळ्यानं ओढून काढायचा आणि आंबवायचा. नीरा-माडी ठाऊक असलेल्या कोकणी माणसाला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. तोच दुधट रंग आणि तीच दुसऱ्या दिवसापर्यंत न टिकण्याची अडचण. रेल्वेनं रोज पहाटे राजधानीत येणारं हे पेय 20व्या शतकात बाटलीबंद बिअरपुढे मागे पडलं. ते घाणेरडं असतं ही अफवाही त्याला भोवली.

दुसरं पेय मेस्काल. आस्तेक लोकांच्या नावात्ल भाषेत ‘मेत्ल’ म्हणजे घायपात, आणि मेस्काल म्हणजे भाजलेलं घायपात, इतका साधा अर्थ. पानं छाटून उरलेला गड्डा तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात काही दिवस पुरून भाजतात, ठेचतात, लाकडी पिंपात आंबवतात आणि तांब्याच्या किंवा मातीच्या भट्टीवर गाळतात. भट्टीची विद्या कुठून आली यावर एक मत लक्षात ठेवण्यासारखं आहे. 1565 नंतर मनिलाच्या गलबतांतून फिलिपिनो खलाशी पश्चिम किनाऱ्यावर उतरले, त्यांनी कोलिमात नारळाची माडी काढली आणि गाळली. तीच भट्टी पुढे घायपाताला लागली. कोलिमात ‘तुबा’ नावानं माडी आजही विकतात. स्पेनच्या राजानं 1785 मध्ये मेस्कालवर बंदी घातली, दहा वर्षांत ती उठली. तेकिला हेही मुळात तेकिला गावाकडचं मेस्कालच. त्याला 1974 मध्ये स्वतःच्या नावाचं कायदेशीर संरक्षण मिळालं.

इथवर शब्दावरून भांडण नव्हतं. 28 नोव्हेंबर 1994 ला ते सुरू झालं. त्या दिवशीच्या सरकारी घोषणेनं ‘मेस्काल’ हे उगमस्थानाचं नाव ठरलं आणि ते वापरण्याचा हक्क पाच राज्यांपुरता राहिला: वाहाका, गेरेरो, दुरांगो, सान लुईस पोतोसी आणि साकातेकास. नावाची मालकी सरकारची. वापरायचं तर तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र घ्या, पैसे भरा. हेतू चांगला होता असं म्हणतात. परदेशात कुणी भलतंच काही त्या नावानं विकू नये, हे कुणालाही पटेल. पण घायपात भाजून दारू गाळणारी गावं वीसहून अधिक राज्यांत होती आणि बहुतेक ठिकाणी तिला मेस्कालच म्हणत. पाच राज्यांबाहेरच्या मिचोआकानमधल्या भट्टीवाल्याचा आजा जे गाळायचा तेच तो गाळत होता, फक्त नाव घेणं आता गुन्हा झालं.

आपल्याकडचा दाखला देतो. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हद्द ओलांडून सिंधुदुर्गात त्याच बोंडांची दारू गाळली तर तिला फेणी म्हणता येणार नाही, आणि गोव्याशी त्या शब्दाचं नातं पाहता यात फारसं कुणाला खटकत नाही. पण मेस्काल हे जागेचं नाव नाही, जिनसाचं आहे. कोल्हापूरच्या गुळाला मानांकन मिळालं म्हणून दौंडच्या गुऱ्हाळाला ‘गूळ’ हा शब्द सोडावा लागला नाही. मेक्सिकोत मात्र जिनसाचं नावच असं सोडावं लागलं.

पुढची तीस वर्षं या चुकीला ठिगळं लावण्यात गेली. एकेका राज्याला आत घेतलं गेलं: ग्वानाहुआतो, तामाउलिपास, 2012 मध्ये मिचोआकान, 2015 मध्ये प्वेब्ला. सोनोराच्या दारूला ‘बाकानोरा’ म्हणून 2000 मध्ये आणि हालिस्कोतल्या ‘राइसिया’ला 2019 मध्ये वेगळी नावं मिळाली. 2018 मध्ये आणखी तीन राज्यं आत येताच वाहाकासह आधीच्या राज्यांतल्या उत्पादकांनीच विरोध केला. 1994 ला कुंपणाबाहेर राहिलेल्यांचा कैवार घेणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण आतल्या छोट्या उत्पादकांचं म्हणणंही पोकळ नाही. कच्चा माल महागतो, मोठे कारखानदार स्वस्त राज्यात जातात आणि नाव पातळ होतं.

सर्वांत हास्यास्पद दोन प्रयत्न मात्र कागदावरच राहिले. 2011-12 च्या एका मसुद्यात पाच-सात राज्यांबाहेरच्यांनी ‘अगावे’ हा शब्दही लिहू नये, ‘अगावासेआ’ असं वनस्पतिशास्त्रातलं कुळाचं नाव लिहावं, असं सुचवलं होतं. घायपाताची दारू, पण बाटलीवर घायपात म्हणायचं नाही! तो बारगळल्यावर 2015 मध्ये नवा मसुदा आला. त्यात बाहेरच्या सगळ्या दारूंना ‘कोमिल’ म्हणायचं होतं. हा नावात्लमधून उकरून काढलेला, नशा आणणाऱ्या पेयाचा शब्द, जो एकाही भट्टीवर कुणी उच्चारला नव्हता. शास्त्रज्ञ, बारवाले, उत्पादक सगळे उलटले आणि कोमिल गेला.

यात कामाचं असं एकच घडलं: 2017 मध्ये प्रसिद्ध झालेलं नवं मानक. आधीच्या नियमात 20 टक्के दुसरी साखर चालत होती, ती गेली. मेस्काल, मेस्काल आर्तेसानाल म्हणजे हातकारागिरीचं आणि मेस्काल आन्सेस्त्राल म्हणजे पूर्वजांच्या रीतीचं, असे तीन वर्ग झाले. आन्सेस्त्रालला मातीचीच भट्टी लागते. नुसत्या ‘मेस्काल’मध्ये पोलादी दाबपात्रही चालतं. प्रमाणित उत्पादन 2011 मध्ये सुमारे 10 लाख लिटर होतं, 2022 मध्ये सुमारे 1 कोटी 40 लाख लिटर झालं. एस्पादिन जातीचं घायपात तयार व्हायला सहा ते आठ वर्षं लागतात, रानटी तोबालाला त्याहून बरीच जास्त. ही वाढ कोणत्या डोंगरांतून आली असेल याचा अंदाज करता येतो. दरम्यान, चांगली दारू गाळणारे काही जण प्रमाणपत्राच्या भानगडीतून आपणहून बाहेर पडले. त्यांच्या बाटलीवर फक्त ‘देस्तिलादो दे अगावे’, घायपाताचा अर्क, असं लिहिलेलं असतं. फेरीच्या शेवटी चार पेले समोर येतात, त्यात एखादा तरी असा बिननावाचा असतो आणि बहुधा तोच सर्वांत महाग.

फेऱ्यांचा धंदा 2010 च्या पुढे वाढला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पारंपरिक मेक्सिकन पाकसंस्कृती युनेस्कोच्या, मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. 2005 चा पहिला अर्ज नाकारला गेला होता. दुसऱ्या खेपेला मिचोआकान हे उदाहरण धरून, मका-घेवडा-भोपळ्याचं मिश्र पीक, निक्स्तामाल आणि गावातल्या स्वयंपाकिणी असा अर्ज मांडला होता. त्रोंपोचा त्यात काही संबंध नाही. तरी ‘जागतिक वारसा असलेलं रस्त्यावरचं खाणं’ अशी जाहिरात सर्रास चालते.

ज्या रस्त्याची जाहिरात होते त्याला शहरानं कधी फार जपलं नाही. जुन्या शहरातल्या फेरीवाल्यांवर 1993 मध्ये बंदी आली आणि ऑक्टोबर 2007 मध्ये त्यांना तिथून हलवलं. 2022 च्या वसंतात रोमा, कोंदेसा आणि जुनं शहर ज्या प्रभागात येतं तिथल्या प्रशासनानं पंधराशेच्या आसपास ठेल्यांवरची हातानं रंगवलेली चित्रं आणि अक्षरं पुसायला लावली. हसरं डुक्कर, जिभल्या चाटणारा बैल, ‘गुरूचे टाको’ छापाच्या पाट्या गेल्या. जागी पांढरा-करडा रंग आणि प्रभागाचं बोधचिन्ह आलं. कारण दिलं शिस्तीचं आणि स्वच्छतेचं. चित्रकारांनी आणि अभ्यासकांनी संघटना काढून उरलेल्या पाट्यांची नोंद सुरू केली. त्यामुळे आज फेरीत जे फोटो निघतात त्यातल्या काही पाट्या 2022 नंतर नव्यानं रंगवलेल्या आहेत.

2020 नंतर घरून काम करणारे परदेशी याच वस्त्यांत राहायला आले. ऑक्टोबर 2022 मध्ये शहर सरकारनं भाड्याच्या खोल्या देणाऱ्या एका मोठ्या कंपनीशी करार करून त्यांना आणखी बोलावलं. मे 2024 मध्ये सान राफाएल वस्तीतल्या, 1968 पासून चालू असलेल्या, चार माणसं नीट उभी राहू शकत नाहीत अशा टाकोच्या दुकानाला मिशेलिन या टायर कंपनीच्या खाद्य-मार्गदर्शिकेनं तारा दिला आणि रांग पुढच्या गल्लीत गेली.

4 जुलै 2025 ला कोंदेसा-रोमात घरभाड्यांविरुद्ध मोर्चा निघाला, काही काचा फुटल्या. मोर्चेकऱ्यांच्या तक्रारींत भाडं पहिलं होतं, इंग्रजीत छापलेली मेन्यूकार्डं होती, आणि एक अशीही होती की परदेशी गिऱ्हाईक वाढल्यापासून टाकोवाल्यांनी साल्सातली मिरची कमी केली आहे.