मधला खिळा आणि सव्वाचार तास

अलास्काच्या उत्तर टोकाला उत्कियाग्विक नावाचं गाव आहे. २०१६ पर्यंत त्याला बॅरो म्हणत. आर्क्टिक महासागराच्या दुसऱ्या बाजूला नॉर्वेच्या स्वालबार बेटांवर लाँगयिअरब्येन आहे. गोव्यातल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राची माणसं 'हिमाद्री' या भारतीय तळावर जाताना तिथेच विमान बदलतात.

भिंतीवरच्या नकाशात ही दोन गावं पट्टीने जोडली, तर रेघ अख्ख्या कॅनडा-ग्रीनलँडवरून जाते. आता शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन्ही गावांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा पूर्वेकडे जायचं नावच घेत नाही, सरळ वर चढतो. वर गोल जिथे दांडीला खिळवलेला असतो, तिथे त्या खिळ्याला अडकून घसरतो. तो खिळा म्हणजेच उत्तर ध्रुव. सर्वात जवळची वाट ध्रुवापासून जेमतेम शंभर किलोमीटरवरून जाते आणि तिची लांबी भरते सुमारे ३,३८० किलोमीटर. मुंबईहून बँकॉक याहून थोडंच कमी आहे.

नकाशा असा का फसवतो? विषुववृत्तावर एक रेखांश ओलांडायला १११ किलोमीटर जावं लागतं, लाँगयिअरब्येनच्या अक्षांशावर फक्त २३. रेखांश ध्रुवाकडे जवळ येत जातात, पण भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात त्यांना समांतर उभं केलेलं असतं. त्यामुळे तिथली जमीन जवळपास पाचपट ताणली जाते.

ताशी ८५० किलोमीटर वेगाच्या जेटला हे अंतर कापायला, चढ-उतार धरून, सव्वाचार तास पुरावेत. घड्याळाची मात्र गंमत होते. उत्कियाग्विकहून सकाळी आठला निघालात तर उतरताना तिथे रात्रीचे सव्वादहा वाजलेले असतील, कारण दोन्हीकडच्या वेळांत दहा तासांचा फरक आहे. जून असेल तर सूर्य वाटेत एकदाही मावळणार नाही.

अडचण एवढीच की असं विमानच नाही. पाच हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावातून अडीच हजारांच्या गावाला रोज किती माणसं जाणार? तेव्हा वाट अशी: अँकरेज, सिएटल, लंडन, ऑस्लो, मग लाँगयिअरब्येन. चौदा हजार किलोमीटर, आणि नुसतं हवेत असण्याचे तासच एकोणीस-वीस. विमानतळांवरच्या बाकड्यांवरचे तास वेगळेच.

एप्रिल १९२८ मध्ये ऑस्ट्रेलियन ध्रुवीय संशोधक ह्यूबर्ट विल्किन्स आणि वैमानिक कार्ल बेन आयलसन पॉइंट बॅरोहून लाकडी बांधणीच्या लॉकहीड व्हेगा विमानातून थेट स्वालबारला निघाले. वाट थोडी वाकडी होती, कारण समुद्रात कुठे अज्ञात जमीन आहे का, हेही बघायचं होतं. पोहोचता पोहोचता वादळाने गाठलं, आणि एका निर्मनुष्य बेटावर उतरून पाच दिवस विमानातच काढावे लागले. वादळ सरल्यावर विमानाच्या चाकांच्या जागी लावलेल्या, बर्फात रुतलेल्या स्की सुटेनात, म्हणून विल्किन्स खाली उतरून विमान ढकलू लागले. विमान सुटलं आणि त्यांना खालीच ठेवून उडालं. आयलसन त्यांना घ्यायला परत उतरले, तर पुन्हा तेच.

बेटावर उतरेपर्यंतचा त्यांचा प्रवास २० तास २० मिनिटांचा होता. आजच्या जेटच्या प्रवाशाचे हवेतले तासही जवळपास तेवढेच भरतात.