झोरोच्या त्या सिरीयलमध्ये झोरो आहे कुठे?

'झोरोज ब्लॅक व्हिप' म्हणजे झोरोचीच, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या त्या काळा मुखवटावाल्या तलवारबाज हिरोचीच, जुनी सिरीयल असं लोक अजून बिनधास्त सांगतात, पण अहो त्यात झोरो औषधालाही नाहीये! १९४४ ची रिपब्लिक या फिल्म कंपनीची, थिएटरात भागाभागाने दाखवलेली १२ भागांची ब्लॅक अँड व्हाइट सिरीयल, झोरोचं नाव फक्त टायटलपुरतं, बहुतेक तिकिटं खपावीत म्हणून. गोष्ट कॅलिफोर्नियाची नाही तर आयडाहोची, आणि काळा मुखवटा लावून हातात चाबूक घेऊन घोडा दामटणारी चक्क बाई आहे, नटी लिंडा स्टर्लिंग. गोष्टीत तिचा भाऊ मारला जातो, मग त्याचाच वेश ही चढवते. गंमत म्हणजे यातला हिरो जॉर्ज लुईस, तोच पुढे डिस्नेच्या टीव्हीवरच्या झोरोचा बाप झाला.