उलटतपासणीच्या कितीतरी आधी

बचाव म्हटलं की लोकांना उलटतपासणी आठवते. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे, वकील त्याला घाम फोडतोय आणि टायपिस्ट यंत्रासारखी ओळ उतरवतोय: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.’ पण फौजदारी खटल्यातला बराचसा बचाव त्याच्या कितीतरी आधी, अटक ते दोषारोपपत्र या काळात, घडतो किंवा बिघडतो. आणि नेमक्या याच टप्प्यावर वकील देण्याची आठवण कायद्याला सगळ्यात उशिरा झाली.

छळाची दखल मात्र लवकर घेतली गेली. मद्रास इलाख्यात कबुलीसाठी आणि वसुलीसाठी लोकांचा छळ होतो, असा आयोगाचा अहवाल १८५५ साली आला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं पोलिसांपुढची कबुली पुराव्यातून वगळली, १८७२ च्या पुरावा कायद्यानं तो नियम पक्का केला. पण त्याच कायद्याच्या कलम २७ नं एक फट ठेवली. आरोपीनं दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर तेवढी माहिती पुराव्यात येते.

गेली दीडशे वर्षं बचावाची निम्मी लढाई या फटीपाशी चालली आहे. आपल्याकडं हिला निवेदन पंचनामा म्हणतात, आणि त्याची भाषाही ठरून गेलेली आहे: ‘कोयता लपवून ठेवलेली जागा दाखवतो, माझ्यासोबत चला.’ मग मळ्यातल्या गवतातून कोयता निघतो, तो कागदात गुंडाळून लाखेचं सील लावतात आणि दोन पंच सह्या करतात. बचावाचा वकील इथं आरडाओरडा करत नाही, बारीकसारीक विचारतो. जागा सगळ्यांना खुली होती का? पंच याआधी किती गुन्ह्यांत पंच होते? निवेदनाची वेळ आणि पोलीस ठाण्याच्या डायरीतली नोंद जुळते का? मुद्देमाल प्रयोगशाळेत जाईपर्यंत कुणाच्या ताब्यात होता? पंच फितूर झाला तरी तपासी अंमलदाराच्या साक्षीवर जप्ती टिकू शकते, म्हणून नुसत्या फितुरीवर विसंबून चालत नाही. २०२४ च्या १ जुलैपासून नवा साक्ष अधिनियम आला. त्यात जुनं कलम २७ हे नव्या कलम २३ च्या परंतुकात, म्हणजे अपवादाच्या ओळीत, जाऊन बसलं, बाकी फट होती तशीच आहे.

संस्थानी कोल्हापुरात प्रश्न आणखी मुळाशी होता: वकील व्हायचं कुणी? शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्या तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या आणि १९१८ साली गुन्हेगार ठरवलेल्या जातींची पोलिसांकडं हजेरी लावण्याची पद्धत बंद केली. या दोन गोष्टी मला एकत्रच वाचाव्याशा वाटतात. जन्मानंच संशयित ठरलेल्या माणसाचा बचाव कोर्टात सुरू होऊच शकत नाही. त्याच कोल्हापुरात १९०८ मध्ये प्रा. विजापूरकरांवर ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या लेखासाठी राजद्रोहाचा खटला चालला आणि त्यांना तुरुंगवास झाला. १९३३ साली शहरात लॉ कॉलेज निघालं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा संस्थानचं स्वतःचं हायकोर्टही गेलं आणि वरच्या कोर्टाची वाट मुंबईला वळली.

१८९८ च्या संहितेनं आरोपीला वकील लावायचा हक्क दिला, राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ नं तो मूलभूत केला. पण लावायचा हक्क म्हणजे ऐपत असेल तर. सरकारनं वकील पुरवलाच पाहिजे असं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानंच १९५१ साली हैदराबादच्या एका खटल्यात म्हटलं होतं. १९७३ च्या संहितेनं चित्र पालटलं. सत्र न्यायालयात चालणाऱ्या गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चानं वकील, अटकपूर्व जामीन, आणि मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क. ही मुदत आज गुन्ह्याप्रमाणं ६० किंवा ९० दिवसांची आहे. ती मोजत बसणं ही पळवाट आहे अशी ओरड होते. मला ती पटत नाही. मुदत पोलिसांवर आहे, आरोपीवर नाही.

१९७८ च्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायालयानं कैद्याला निकालाची प्रत आणि अपिलासाठी मोफत वकील मिळालाच पाहिजे, असं बजावलं. खुद्द होसकोटची याचिका मात्र फेटाळली. वकिलाचा हक्क पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढं उभं केल्यापासूनच सुरू होतो आणि आरोपीला तो सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं काम आहे, हे ठाम शब्दांत यायला २०१२ चा कसाबचा निकाल लागला. ज्याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये असं वातावरण होतं, त्याच्याच खटल्यात. अमुक आरोपीचं वकीलपत्र घ्यायचं नाही असे ठराव करणाऱ्या बार असोसिएशनना, म्हणजे वकिलांच्या संघटनांना, न्यायालयानं २०१० मध्येच ते बेकायदा असल्याचं सुनावलं होतं.

बचाव निकालानंतरही संपत नाही, हे कोल्हापूरला गावित प्रकरणानं दाखवलं. लहान मुलांना पळवून मारल्याच्या या खटल्यात १९९६ साली मायलेकींना अटक झाली. एका बहिणीचा नवरा माफीचा साक्षीदार झाला. अशा साक्षीदाराला दुसऱ्या पुराव्याचा आधार आहे का, हा बचावाचा नेहमीचा मुद्दा असतो. आई खटल्याआधीच वारली. २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं दोघी बहिणींना फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये फेटाळला. तरी जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर सरकारनं वर्षानुवर्षं घालवलेला वेळ. गुन्ह्याबद्दल तिथं काहीच वाद नव्हता. ऐकताना राग येतो हे खरं, पण फाशीच्या छायेत माणसाला अनिश्चित काळ ठेवू नये, हे तत्त्व गुन्हा बघून बदलत नाही.

दरम्यान कोल्हापूरकराला जामिनासाठी हायकोर्ट म्हणजे मुंबईच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसची रात्र, सकाळी वकिलाचं ऑफिस, आणि दुपारी ‘मॅटर बोर्डावर आलंच नाही’ हे उत्तर असायचं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, बसू लागलं आणि सहा जिल्ह्यांची ही फेरी वाचली.

अटकेच्या त्या पहिल्या टप्प्याची दखलही त्याच वर्षी घेतली गेली. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवलं की अटकेची कारणं आरोपीला कळेल त्या भाषेत लेखी द्यायची, आणि लगेच जमलं नाही तर रिमांडला, म्हणजे कोठडी मागायला मॅजिस्ट्रेटपुढं, उभं करण्याच्या किमान दोन तास आधी तरी. वकिलाला ती वाचायला आणि पोलीस कोठडीला विरोध करायला आता निदान एवढा वेळ मिळायला हवा.