संज्ञापन विभागांतील शैक्षणिक कामगिरी (पुणे)

पुणे विद्यापीठाच्या संज्ञापन (कम्युनिकेशन), माध्यम व संस्कृती अभ्यासाच्या विभागांतील प्राध्यापकांचे संशोधन, प्रकाशने, व्याख्याने व पुरस्कार आणि विभागाने भरवलेली चर्चासत्रे, कार्यशाळा यांची अधिकृत नोंद. ती वार्षिक अहवालात जाते, उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनाला लागते आणि प्राध्यापकाच्या पदोन्नतीची फाइलही तिच्यावरच उभी राहते.

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ). फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत १९६४ मध्ये पत्रकारितेचा विभाग सुरू झाला. पुण्यात त्याला नुसते ‘रानडे’ म्हणतात. संज्ञापन अभ्यासाचा वेगळा विभाग पुढे विद्यापीठाच्या गणेशखिंडीच्या आवारात आला. तिथे दृक्‌श्राव्य निर्मितीवर भर राहिला. फिल्म इन्स्टिट्यूट (१९६०), राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४) आणि मराठी वृत्तपत्रांच्या कचेऱ्या शहरातच असल्याने पाहुण्या वक्त्यांची वाण कधी पडली नाही. ६ जानेवारीचा पत्रकार दिन, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा (१८३२) स्मृतिदिवस, हा ठरलेला कार्यक्रम. बाकी बरेचसे पाहुण्यांच्या सवडीवर.

कामगिरी मोजण्याची सध्याची पट्टी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांतली आहे. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांत समीक्षित (तज्ज्ञांकडून तपासून घेऊन छापणाऱ्या) नियतकालिकातील शोधनिबंधाला १० गुण. पुस्तक आंतरराष्ट्रीय प्रकाशकाचे असेल तर १२, राष्ट्रीय असेल तर १०. अनुवादित पुस्तकाला ८. पीएच.डी. मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे मार्गदर्शकाला १०. निमंत्रित व्याख्यान परदेशातील परिषदेत दिले तर ७, राज्य वा विद्यापीठ पातळीवर २. निबंधाचे दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण, म्हणून सहलेखनाला कुणी सहसा नाही म्हणत नाही.

माध्यमाच्या विभागाची पंचाईत इथेच होते. प्राध्यापकाने केलेल्या माहितीपटाला या तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही. रविवारच्या पुरवणीतील लेखाला गुण नाहीत, मग तो हजारो लोकांनी वाचलेला का असेना. न्या. रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेत बोलणे हा पुण्यात मान समजला जातो. तक्त्यातील शब्द मात्र चर्चासत्र आणि परिषद हे आहेत. प्राध्यापकांचे लोकांत वावरणे हेच ज्या विषयाचे बळ, त्यात हे मोजमाप तोकडे पडते.

कार्यक्रमाचे कागदोपत्री रूपही ठरून गेले आहे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मग बीजभाषण. शेवटच्या बाकावरून एक विद्यार्थी हजेरीपत्रक फिरवतो, दुसरा जिओटॅग उमटेल असा फोटो काढतो, कारण अक्षांश-रेखांश नसलेला फोटो पुरावा म्हणून चालत नाही. आभार संपायच्या आत अभिप्रायाची लिंक मोबाइलवर येते. वक्ता काय बोलला हे अहवालात बहुधा दोन ओळींत उरकते; उपस्थितांचा आकडा मात्र चुकत नाही.

निबंध कोणत्या नियतकालिकात यावा, याच्याशी पुण्याचा आणखी एक संबंध आहे. बोगस नियतकालिकांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१९ मध्ये ग्राह्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आणली आणि तिचे काम पुणे विद्यापीठातील प्रकाशन नीतिमत्तेच्या केंद्राकडे सोपवले. मराठी नियतकालिकांनाही तीत जागा होती, त्यामुळे मराठीत लिहिणाऱ्यांना थोडा आधार होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ही यादी बंद केल्याचे जाहीर केले. नियतकालिकांची पारख आता ज्या त्या संस्थेने करायची आहे.